उधारीच्या वहीची मागची पानं

मी गिरणीवाली वहिनी बोलतेय. नाव सांगितलं तर गावात निम्म्या जणी ओळखणार नाहीत. पण गिरणीवाली म्हटलं की माण तालुक्यातल्या आमच्या गावात लहान पोरगंही घर दाखवतं. पिठाची गिरणी आमची आहे. सकाळी आठला सुरू होते, लाईट असेल तोवर चालते.

जून संपता संपता पुण्याला शिकणारी माझी लेक फोनवर म्हणाली, "आई, तू म्हणतेस वाचायला वेळच मिळत नाही. मग एक महिना रोज लिहून ठेव. काय वाचलं, किती वाचलं, कधी वाचलं. नाही वाचलं तर का नाही, तेही." मी म्हटलं, बघू करून. वेगळी वही कुठं आणायची, म्हणून गिरणीतल्या उधारीच्या वहीची मागची पानं घेतली. पुढून उधारी, मागून वाचन. १ जुलैला सुरुवात केली आणि ३१ जुलैला शेवटची ओळ लिहिली. त्या महिन्यात काय झालं, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी हिशेब सांगते. गिरणीवाली आहे, हिशेबाशिवाय चैन पडत नाही. एकतीस दिवसांपैकी एकवीस दिवस वाचलं, दहा दिवस कोरे गेले. कोऱ्या दिवसांपुढं कारणं लिहिलीत. 'आत्यांना ताप', 'पाहुणे', 'दळण फार', 'एकादशी'. एका दिवसापुढं नुसतं 'मन नव्हतं' असं लिहिलंय. पुस्तकं तीन. दोन पुरी झाली, एक अर्धं राहिलं. तिन्ही तालुक्याच्या वाचनालयातून आणली आणि तिन्ही बायांनी स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिलेली. हे ठरवून केलं नव्हतं. पहिलं पुस्तक परत करायला गेले तेव्हा मी म्हटलं, असलंच आणखी द्या, आणि त्यांनी दिलं.

पहिलं पुस्तक रमाबाई रानड्यांचं, 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. १९१० साली छापलेलं. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांच्या या पत्नी. माहेर देवराष्ट्र्याचं, कुर्लेकरांचं. देवराष्ट्रे आता सांगली जिल्ह्यात आहे, पण तेव्हा आपल्याच सातारा जिल्ह्यात होतं. म्हणजे आपल्याच मुलखातली मुलगी. १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा एकतीस वर्षांचा, पहिली बायको नुकतीच वारलेली. या मुलीला अक्षर येत नव्हतं. नवऱ्यानं शिकवायला सुरुवात केली आणि घरातल्या बायकांना ते खपेना. शिकवणारा घरातला कर्ता, त्याला कोण काय बोलणार? म्हणून सगळं बोलणं त्या पोरीला.

माझं वाचायचं ठिकाण दोन. दुपारी लाईट गेली की गिरणीत, आणि रात्री जेवणं झाल्यावर पडवीत. पडवीत आत्यांचा बिछाना असतो. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. वय पंच्याहत्तरच्या पुढं. शाळेचं तोंड बघितलेलं नाही. तिसऱ्या रात्री त्या म्हणाल्या, "मनातल्या मनात काय वाचतीस? मला बी ऐकू दी की."

मग मोठ्यानं वाचायला लागले. रमाबाईंना घरातल्या बायका बोलतात, तो भाग आला. मला वाटलं, आत्यांना वाईट वाटेल. त्या म्हणाल्या, "घरात एवढी कामं आणि सून पाटी घेऊन बसली, मग बोलत्यालच की." मी गप्प बसले. मला आठवलं, माझं लग्न होऊन वर्षच झालं होतं, माहेराहून मी दिवाळी अंकांचा गठ्ठा आणला होता आणि तो चुलीपुढं सरपणाच्या ढिगावर सापडला होता. कुणी ठेवला ते मी कधी विचारलं नाही. थोड्या वेळानं आत्याच म्हणाल्या, "तुझी बी पुस्तकं मी चुलीला लावली व्हती. ध्यानात हाय का?" मी म्हटलं, हाय. त्या म्हणाल्या, "वाच पुढं."

एवढंच. माफी नाही, रडणं नाही. पण दुसऱ्या रात्री नऊ वाजता त्यांनीच चष्मा माझ्या हातात दिला.

रमाबाईंचं पुस्तक दहा तारखेच्या आत संपलं. पुढं याच बाईंनी पुण्यात सेवासदनासारखी संस्था उभी केली, हजारो बायका तिथं शिकल्या. पण मला लक्षात राहिली ती संस्था काढणारी बाई नाही. रात्री धडा घ्यायचा आणि सकाळी त्याच घरात, त्याच बायकांबरोबर कामाला लागायचं, ती अकरा-बारा वर्षांची पोरगी लक्षात राहिली.

दुसरं पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचं, 'स्मृतिचित्रे'. या कवी नारायण वामन टिळकांच्या पत्नी. हे पुस्तक १९३४ पासून चार भागांत आलं. मैत्रिणींनो, कुणाला वाटत असेल की जुनं पुस्तक म्हणजे कंटाळवाणं, तर त्यांनी हे उघडून बघावं. सुरुवातीलाच लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं येतं. साधं सोवळं नाही. बाजारातून आलेलं धान्यसुद्धा धुऊन घ्यायचं. सगळं घर त्या धुण्यात बुडालेलं, आणि त्यात त्यांच्या आईचा जीव मेटाकुटीला आलेला. पण लक्ष्मीबाई सांगतात असं, की हसू आवरत नाही. आत्या तर पदर तोंडाला लावून हसत होत्या. "अगं, असलं धुतलेलं दळण आपल्या गिरणीत आलं तर दगडाला लगदाच बसंल की," म्हणाल्या.

याच दिवसांत आमचे हे पालखीबरोबर गेले होते. ज्ञानोबांची पालखी फलटणला मुक्कामाला येते, तिथून हे दिंडीत जातात ते थेट पंढरपूर. आठ-नऊ दिवस गिरणी माझ्या एकटीवर. आणि एकादशीच्या दोन दिवस आधी माझ्या हातून चूक झाली.

उपासाचं दळण तुम्हाला माहीत आहे. भगर-साबुदाणा दळायचा म्हणजे आधी मशीन झाडून पुसून घ्यायचं, जुनं पीठ राहू द्यायचं नाही. त्या दिवशी लाईट गेलेली. मी 'स्मृतिचित्रे' घेऊन बसले होते. टिळक कुणाला न सांगता घरातून निघून जात, घरी लक्ष्मीबाई वाट बघत बसत, ते वाचत होते. लाईट आली तशी पुस्तक तसंच उघडं मांडीवर ठेवून मशीन चालू केलं आणि एका मावशीची भगर सरळ ओतली. त्याआधी बाजरी दळलेली होती. पीठ बाहेर आलं तेव्हा रंगावरून कळलं. चार किलो भगर-साबुदाणा गेला. मावशी काय बोलल्या ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. आणि त्यांचं बरोबर होतं. मी घरातली भगर दिली, पण विश्वास काही डब्यात भरून देता येत नाही.

हे वारीहून आले. गावात शिरल्या शिरल्या त्यांना ही बातमी मिळाली. घरी येऊन एवढंच म्हणाले, "पुस्तक गिरणीत आणायचं नाही."

मी हो म्हटलं. आणि दुसऱ्या दिवसापासून पुस्तक रिकाम्या डब्यात ठेवायला लागले. गिरणीत पत्र्याचे डबे ढिगानं असतात, कुणाचं लक्ष जात नाही. हे बाहेर गेले की डबा उघडायचा, चाहूल लागली की झाकण लावायचं. वहीत मात्र खरं लिहीत होते. 'दुपारी अर्धा तास, डब्यातून.' आज ते वाचून हसू येतं. तेव्हा हसू येत नव्हतं. पन्नाशी ओलांडलेली बाई, स्वतःच्या गिरणीत चोरासारखी वाचत होते.

तोपर्यंत तिसरं पुस्तक हाताशी आलं होतं. 'स्मृतिचित्रे' अर्धं बाजूला ठेवून ते घेतलं. बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं'. या बाई आपल्या अगदी जवळच्या, फलटणच्या. जन्म १९२९चा, गेल्या २०१२ साली. हे लेखन १९८२ पासून 'स्त्री' मासिकात येऊ लागलं, मग १९८६ साली पुस्तक झालं. महारवाड्यातलं जगणं त्यांनी लिहिलंय. भूक, पोतराज, बाळंतपणं, सणवार. आणि बाबासाहेबांचं ऐकून त्याच माणसांनी पोरं शाळेत घातली, तेही. आपल्या लोकांचे दोषही झाकलेले नाहीत. सुनांचा छळ कसा व्हायचा, तेही सांगितलंय.

लेकीला फोनवर सांगितलं की हे वाचतेय. ती म्हणाली, "आई, त्यांचं किराणा दुकान होतं माहितीये का? दुकानात सामान बांधायला रद्दी यायची, ती त्या वाचायच्या. आणि दुकानात बसूनच हे लिहायच्या. नवऱ्याला कळू नये म्हणून लिहिलेलं वीस वर्षं लपवून ठेवलं होतं. मुलाखतीत सांगितलंय त्यांनी."

मी गिरणीत उभी होते. समोर माझा पुस्तकाचा डबा. फोन ठेवला, डबा उघडला, पुस्तक काढलं आणि गल्ल्याच्या टेबलावर उघड ठेवलं. हे आले तेव्हा म्हटलं, "मी डब्यात लपवून वाचत होते. आता लपवणार नाही." त्यांनी पुस्तकाकडं बघितलं, डब्याकडं बघितलं. म्हणाले, "मी वाचू नको कधी म्हटलं? मशीन चालू असताना नको म्हटलं." खरं सांगायचं तर त्यांचं तेवढंच म्हणणं होतं. बाकीचं 'नको' माझ्या मनात आधीपासून होतं, ते मी त्यांच्या नावावर लिहिलं होतं. आमचं ठरलं. मशीन चालू, तर पुस्तक फळीवर. दुपारी तीन ते चार गिरणी बंद, तो तास माझा. पाटी लावलीय. एक गिऱ्हाईक त्या पाटीपायी दुसऱ्या गिरणीला गेलं, तेही सांगून टाकते. अजून परत आलेलं नाही.

आता रात्रीचं सांगते. 'जिणं आमुचं' मी आत्यांना वाचून दाखवत होते. त्यात सरपणाचा भाग आहे. महारवाड्यातल्या बाया जळणाच्या मोळ्या घेऊन वरच्या जातीच्या घरी विकायला जात. घरातली बाई लांबूनच बजावायची, फाट्यांना तुमचं केस-दोरा चिकटलेला नाही ना, ते नीट बघा. उन्हातान्हात तोडून आणलेली मोळी, त्यातली काटकी न् काटकी निरखायची, कारण एक केस राहिला तर त्यांचं घर बाटायचं.

आत्या हसल्या नाहीत. आठ दिवसांपूर्वी लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याला हसलो होतो आम्ही दोघी. हे तेच सोवळं होतं, फक्त आता मोळी घेऊन दाराबाहेर उभं राहून दिसत होतं.

बराच वेळानं त्या म्हणाल्या, "आमच्या दारात बी यायची एक. मोळी टाकायची अन् लांब बसायची. पाणी मागितलं की मी वरनं वतायची. पैसं हातात द्यायचं न्हाई, भुईवर टाकायचं. मला तसंच सांगितलेलं." मग विचारलं, "ही लिवणारी बाई फलटणातच व्हती?" मी म्हटलं, "होय. दुकान होतं त्यांचं." त्या म्हणाल्या, "म्हंजी आपण बाजारला जायचो तवा ती तिथंच बसून हे लिवत व्हती." आणि मग, "तिचं नाव काय व्हतं?" मी म्हटलं, "बेबी कांबळे." "हिचं न्हाई. मोळीवालीचं. मला म्हाईतच न्हाई. इतकी वर्षं येत व्हती."

त्या रात्री पुढं वाचलं नाही. वहीत 'पाच पानं' एवढंच लिहिलं.

सकाळी गिरणी उघडली. उधारी लिहायला वही पुढून उघडली, आणि मला जे दिसलं ते सांगायलाच आज मी इथं आलेय. आमच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढं उधारी असते. कुणाची काकी, कुणाची आक्का, अमक्याची सून, तमक्याचा वाडा. डब्यांवरही रंगानं नावं घातलेली. पण पलीकडच्या वस्तीतून जे डबे येतात, त्यांच्यापुढं माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'वस्ती १', 'वस्ती २', 'वस्ती ३'. डब्यांवरही आकडेच. किती वर्षं? ही गिरणी आल्यापासून. मी कुणाला वरून पाणी ओतलं नाही, कुणाचे पैसे भुईवर टाकले नाहीत. चहासुद्धा एका कपात देते. आणि मला वाटत होतं, आपल्याकडं आता तसलं काही राहिलं नाही. पण नाव काही मी विचारलं नव्हतं.

ती वही मी रोज दोन्ही बाजूंनी उघडत होते. मागून पुस्तकातल्या बायांची नावं लिहीत होते आणि पुढून जिवंत बायांना आकडे देत होते.

त्या आठवड्यात एकेक डबा आला तसं विचारलं, "तुमचं नाव काय? वहीत लिहायचंय." एकीनं लगेच सांगितलं. एकीनं विचारलं, "का? उधारी तुंबलीय का?" एक म्हातारी आहेत, माझ्या लग्नाच्या आधीपासून या गिरणीत येतात. त्या म्हणाल्या, "आज का सुचलं?" मी काय सांगणार? पुस्तक वाचलं म्हणून, असं सांगायची लाज वाटली. म्हटलं, "चुकलं होतं, दुरुस्त करतेय." त्यांनी नाव सांगितलं. मी लिहिलं. डबा उचलून त्या गेल्या. आता त्या माझ्याशी जास्त बोलायला लागल्या वगैरे काही नाही. त्या पूर्वी होत्या तशाच आहेत. आकडे खोडून झालेत, एवढंच.

मैत्रिणींनो, महिना सुरू केला तेव्हा मला वाटत होतं की वाचनाचा हिशेब म्हणजे पानांचा हिशेब. आपल्याला वेळ मिळत नाही, कुणी मिळू देत नाही, हे लेकीला दाखवून द्यायचं होतं. तेही खरंच आहे. रमाबाईंना बोलणी खावी लागली, बेबीताईंना लपवावं लागलं, मला डबा शोधावा लागला. बाईला वाचायचा तास मागावाच लागतो, आणि तो उघड मागावा, चोरून घेऊ नये, हे मी शिकले. पण त्याच पुस्तकांनी मला हेही दाखवलं, की मी नुसती बोलणी खाणारी नाही. मी दारात उभी राहून लांबून बजावणाऱ्यांपैकीही आहे. रमाबाईंच्या गोष्टीत मी सून होते. बेबीताईंच्या गोष्टीत मी मोळी विकणारी नव्हते, मोळी विकत घेणाऱ्या घरातली होते.

आत्यांना मी विचारलं, आता कुठलं वाचू? त्या म्हणाल्या, "त्या हसवणाऱ्या बाईचं ऱ्हायलंय न्हवं अर्धं? ते पुरं कर." म्हणून ऑगस्टमध्ये 'स्मृतिचित्रे' पुन्हा घेतलंय. त्यानंतर ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' आणायचं आहे. बुलढाण्याच्या या बाईंनी ते १८८२ साली लिहिलं. पुस्तक लहानसं आहे, पण वाचनालयातल्या ताईंनी बजावलंय की भाषा जुनी आहे, घाईनं वाचू नका. दुपारचा एक तास आहे, घाई कशाला करू?

तुम्हाला एवढंच सांगते. एक महिना लिहून बघा. नवी वही लागत नाही. दुधाची, भिशीची, बचत गटाची, कुठलीही घरातली वही मागून उघडा. वाचलं तर लिहा, नाही वाचलं तर का नाही ते लिहा, खोटं लिहू नका. आणि महिना संपला की तीच वही एकदा पुढूनही वाचून बघा.

आमची गिरणी दुपारी तीन ते चार बंद असते. तेव्हा दळण घेऊन येऊ नका. पुस्तक घेऊन आलात तर बाकडं मोकळं आहे.